परतीची वेळ धरून

शहराच्या हद्दीवर गाडी लावायची आणि पुढे बसने जायचं, यासाठीचं स्थानक म्हणजे एक वाहनतळ आणि त्याला लागून बसथांबा, अशीच बहुतेकांची समजूत असते. आमच्या व्यवसायातही ती असते. म्हणून काम हाती येतं तेव्हा पत्रात दोनच आकडे विचारलेले असतात: गाड्या किती मावतील आणि बस किती उभ्या राहतील. माझी उमेदीची बरीच वर्षं बसस्थानकांच्या आराखड्यांत गेली. एसटीच्या जुन्या स्थानकांची दुरुस्ती केली, शहर बसची टर्मिनस केली, आणि ज्याला सगळे 'पार्क अँड राइड' म्हणतात तशी स्थानकंही कागदावरून जमिनीवर आणली. हे दोन आकडे चुकीचे नसतात. पण गाडी लावावी की नाही, हे माणूस त्यांच्यावरून ठरवत नाही. तो सकाळी गाडी लावतो ते संध्याकाळचा हिशेब करूनच. परत येईन तेव्हा बस इथवर आणेल का, उजेड असेल का, फाटक उघडं असेल का, गाडी जागेवर असेल का. यातल्या एकाचं जरी उत्तर डळमळीत वाटलं, तरी तो गाडी थेट शहरात घालतो.

ही कल्पना आपल्याकडे नवी वाटत असली तरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डने 1973 मध्ये हा प्रयोग कायमस्वरूपी सुरू केला. जुनं विद्यापीठाचं गाव, अरुंद रस्ते, आणि गावाच्या मधून नवे रस्ते काढायला लोकांचा विरोध. तेव्हा त्यांनी मोटारी वेशीवर थांबवायचं ठरवलं. यातली 'वेशीवर' ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोंडीत अर्धा तास अडकल्यानंतर जे स्थानक लागतं, तिथे कुणी उतरत नाही. इतका त्रास काढलाच आहे तर आता पोचूनच जाऊ, असं माणसाला वाटतं. कोंडी जिथे सुरू होते त्याच्या अलीकडे जागा हवी, आणि तशी मोकळी सरकारी जमीन शहराजवळ कुठून मिळणार?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर जकात नाक्यांनी दिलं. पुण्यात 2013 मध्ये जकात बंद झाली, मुंबईत 2017 मध्ये जीएसटी आल्यावर. हद्दीवरचे नाके एकदम रिकामे झाले. ट्रक रांगेने उभे राहायचे म्हणून या जागा ऐसपैस होत्या, आणि नेमक्या शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर होत्या. मी काम केलेलं एक स्थानक अशाच नाक्यावर उभं आहे. पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा पावत्या फाडायच्या खोल्यांची दारं निघालेली होती, वजनकाट्याच्या खड्ड्यात हिरवं पाणी होतं, आणि कडेला चार जुने कडुनिंब होते. ठेकेदाराच्या माणसाने आल्या आल्या सांगितलं, झाडं काढली की सपाट जागा मिळेल. झाडं राहिली. त्याचं कारण पुढे येईल. खड्डाही राहिला, छताचं पाणी आता त्यात उतरतं आणि फरशी धुवायला वापरतात.

बसचं शास्त्र मला एका चालकाने शिकवलं, तेही भर उन्हात. मी कॉलेजात शिकले होते की बारा मीटरची बस वळायला बाहेरच्या बाजूने साधारण बारा मीटरची त्रिज्या घेते. नकाशावर तसा वर्तुळकंस काढला होता. तो नकाशा बघून निवृत्तीला आलेले ते चालक म्हणाले, "मॅडम, हे कागदावर ठीक आहे. आता चुन्याने आखा आणि मला गाडी द्या." आम्ही रिकाम्या मैदानावर चुना टाकला. बस वळली तसं मागचं आतलं चाक रेघ सोडून आत आलं, आणि पुढच्या चाकाच्याही पुढे असलेला बसचा तोंडाचा भाग कठड्याच्या रेघेवरून फिरून गेला. जिथून बसचं तोंड जातं, तिथेच वाट पाहणारा माणूस उभा असतो. खांब कुठे नको, कठडा किती मागे हवा, हे त्या दुपारी चुन्याच्या रेघांवर ठरलं. तेव्हापासून प्रत्येक कामात चुना आणि एक अनुभवी चालक मी मागून घेते. ही मागणी पहिल्या बैठकीत सगळ्यांना विचित्र वाटते, दुसऱ्या बैठकीत कुणी काही बोलत नाही.

एसटीच्या स्थानकाची सवय आपल्या डोळ्यांत इतकी भिनली आहे की शहर बसच्या स्थानकाचाही नकाशा तसाच निघतो. एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते, आणि निघताना वाहक मागे उभा राहून शिट्टी देतो, बस मागे घेतली जाते. लांब पल्ल्याच्या गाडीला ते चालतं. ती दहा-वीस मिनिटं थांबते, सामान चढतं. शहर बस मिनिटभर थांबते. तिला दर खेपेला मागे घ्यायला लावलं तर वेळ जातो आणि मागून चालणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणून फलाट लांब आणि बस पुढे निघून जाईल असा हवा, किंवा करवतीच्या दात्यांसारखे तिरपे खाचे हवेत. दात्यांत बस आधीच्या बसची वाट न पाहता सुटते, पण जागा जास्त खाते. आणि फलाटापुढची जमीन काँक्रीटचीच हवी. डांबर बसच्या रोजच्या ब्रेकने सरकतं, गळणाऱ्या डिझेलने विरघळतं, आणि दोन पावसाळ्यांत तिथे डबकं होतं. नाक्यावरचं जुनं ट्रकांचं काँक्रीट आम्ही म्हणूनच जपून ठेवलं.

आता गाड्यांकडे येते. पार्क अँड राइडची परदेशी उदाहरणं मोटारींची असतात. आपल्याकडे ती दुचाकीची गोष्ट आहे. मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, दुचाकीला एक बाय दोन. म्हणजे एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी बसतात, आणि एक भरलेली बस म्हणजे दुचाकींच्या दोन-तीन रांगा. तरीही जवळजवळ प्रत्येक पहिल्या नकाशात फलाटाजवळची जागा मोटारींना दिलेली असते आणि दुचाकी पाठीमागे कुंपणाशी. का, हे कुणी सांगत नाही. बैठकीला येणारे बहुतेक लोक मोटारीने आलेले असतात, हे कारण मला पुरेसं वाटतं. मी ही अदलाबदल करून घेते. दुचाकी आधी, मोटार मागे. चालायचं अंतर शंभर-दीडशे मीटरच्या आत, वाटेत पायरी नाही, उतार असलाच तर चाकाची खुर्ची जाईल असा, बारास एक.

सावलीचा मुद्दा मोठा आहे आणि सगळ्यांत आधी खर्चातून तोच कापला जातो. एप्रिल-मे महिन्यात उन्हात दिवसभर उभी राहिलेली स्कूटर संध्याकाळी सहाला हात लावू देत नाही. डांबर मऊ झालेलं असतं, साइड स्टँड त्यात रुततो, गाडी कलते आणि शेजारची चार घेऊन पडते. ओळखीच्या एका वाहनतळावर मी नुसती बसून राहिले होते. सकाळी सातला येणारे पहिले लोक कुठे गाडी लावतात? फलाटाच्या दारात नाही. झाडाखाली. चार पावलं जास्त चालायला ते तयार होते, कारण संध्याकाळी बसायची सीट त्यांच्या डोळ्यांपुढे होती. नाक्यावरचे कडुनिंब राहिले ते या निरीक्षणामुळे. त्यांच्या घेराने आम्ही दुचाकींच्या रांगा वळवल्या, बुंध्याभोवती माती उघडी ठेवली. झाडं नव्हती तिथे हलक्या पत्र्याचं छप्पर, त्यावर सौरपट्ट्या. नवीन लावताना मी करंज मागते. सावली दाट पडते. गुलमोहर दिसायला सुरेख, पण त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात आणि खाली लोकांच्या गाड्या असतात.

छताची उंची हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. बसच्या टपावर आता एसी असतो, सीएनजीच्या टाक्या असतात, इलेक्ट्रिक बसला बॅटऱ्या असतात. त्यामुळे छत साडेचार-पाच मीटरवर न्यावं लागतं. तेवढ्या उंचीवरून मोकळं छत टाकलं की नैर्ऋत्येचा पाऊस तिरपा आत येतो आणि फलाटाच्या मध्यापर्यंत फरशी ओली होते. फोटोत असं छत भव्य दिसतं. जुलैत त्याच्या खाली लोक भिंतीला पाठ लावून उभे असतात. म्हणून मी दोन छतं करते: बसवर उंच, आणि त्याच्या खाली सरकवलेलं, माणसाच्या डोक्यापासून हात-दीड हातावर येणारं दुसरं. वरच्या छताचं पाणी मधल्या पन्हाळीत पडतं. खर्च थोडा वाढतो. त्यासाठी मी दर्शनी भागातल्या काचेवर पाणी सोडलं आहे, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडेन.

पावसाळ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. स्कूटरवरून आलेला माणूस लगेच प्रवासी होत नाही. तो आधी हेल्मेट काढतो, रेनकोट काढतो, पँटवरची पँट उतरवतो, एका पायावर उभा राहून. पिशवी कुठे ठेवायची कळत नाही, कारण खाली चिखल. रेनकोट डिकीत कोंबला तर संध्याकाळी कुबट वास. बसमध्ये नेला तर शेजारचा ओला होतो. नाक्यावरच्या स्थानकात वाहनतळ आणि फलाट यांच्या मध्ये आम्ही एक लांब पडवी काढली: बसायला दगडी कट्टा, वर टांगायला आडवी नळी, खाली पाणी वाहून जाणारी जाळी, आणि एका भिंतीला हेल्मेटसाठी कुलूप लावता येईल असे कडी-कोयंडे. अंदाजपत्रकात या पडवीला नाव नव्हतं. 'प्रतीक्षालय' म्हटलं तर पंखे आणि टीव्ही आले असते, 'पार्किंग शेड' म्हटलं तर कट्टा गेला असता. शेवटी ती फलाटाचाच भाग म्हणून मंजूर झाली. त्या स्थानकात मला सगळ्यांत समाधान देणारी जागा तीच आहे.

शिकत असताना मी इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या बसस्थानकाचे फोटो पुन्हा पुन्हा पाहायची. 1969 चं बांधकाम, ऐंशी बसच्या जागा, आणि वरच्या मजल्यांवर अकराशे मोटारी. काँक्रीटच्या वळलेल्या कडा मजल्यागणिक एकीवर एक. त्या वळणाचं कारण पुढे वाचलं तेव्हा आनंद झाला: मोटारीचा बंपर उभ्या भिंतीला लागू नये म्हणून कठडा तसा बाहेर झुकवला होता. पण त्याच इमारतीत पायी येणाऱ्याला भुयारातून यावं लागे, कारण दोन्ही बाजूंना बस. इमारत पाडायचं घाटत होतं. 2013 मध्ये तिला वारशाचं संरक्षण मिळालं, आणि नंतरच्या नूतनीकरणात बस एका बाजूला नेऊन दुसरी बाजू चालणाऱ्यांना दिली गेली. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ होनहाइमला झाहा हदीद यांनी ट्राम, बस आणि सातशेएक मोटारींसाठी केलेलं स्थानक 2001 मध्ये पुरं झालं. तिथे डांबरावरच्या पांढऱ्या रेघा, दिव्याचे खांब, छप्पर हे सगळं एकाच रेखाटनातून आलेलं आहे. वाहनतळाच्या रेघा जागेच्या कडेप्रमाणे हळूहळू कलत जातात. वाहनतळ ही उरलेली जागा नाही, तोही स्थापत्याचा विषय आहे, हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा हेच चित्र दाखवते.

परतीचा विचार माझ्या कामाच्या मध्यभागी आला तो एका परिचारिकेमुळे. शहरातल्या एका रुग्णालयात त्या दुसऱ्या पाळीला असत. आम्ही जुन्या वाहनतळाची पाहणी करत होतो. तिथे पैसे लागत नव्हते, जागा अर्धी रिकामी होती. तरी त्यांची स्कूटर बाहेर, रस्त्याच्या कडेला, एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापुढे उभी असायची. मी विचारलं, आत का लावत नाही? त्या म्हणाल्या, "ताई, दुकान अकरापर्यंत उघडं असतं. आत दिवा आहे, पण माणूस नाही." मग त्यांनी मला सोबत नेऊन दाखवलं. वाहनतळात एक उंच दिवा होता, झगझगीत. त्याच्या खाली सगळं लख्ख, आणि त्याच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. मेंदीचं कुंपण छातीपर्यंत वाढलेलं. स्वच्छतागृहाचं दार मागच्या बाजूला, आडोशाला. आणि फाटक दहाला लागायचं, शेवटची बस साडेदहाला यायची. वाहनतळ एका खात्याकडे, बस दुसऱ्याकडे. दोघांचं वेळापत्रक एकमेकांनी पाहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर माझ्या आराखड्यांचा क्रमच बदलला. आता मी आधी शेवटच्या बसमधून उतरणारी व्यक्ती कागदावर काढते आणि तिला तिच्या गाडीपर्यंत नेते. वाटेत तिला कोण दिसतं आणि ती कुणाला दिसते, ही पहिली गोष्ट. दिवे कमी उंचीचे, जवळजवळ, सारख्या उजेडाचे. झुडूप गुडघ्याच्या वर नाही. स्वच्छतागृहाचं दार फलाटासमोर. भिंतीऐवजी जाळी. पहारेकऱ्याची खोली फाटकाशी न ठेवता फलाट आणि गाड्या यांच्या मध्ये. गाड्या मोजायला फाटक चांगलं, माणसांवर लक्ष ठेवायला मध्य चांगला.

यावरून दुकानांचा वाद झाला, आणि तो बराच काळ चालला. पालिकेला गाळ्यांचं भाडं हवं होतं, त्यामुळे सगळे गाळे मुख्य रस्त्याकडे तोंड करून मागितले होते. पैशाची गरज खरी होती. बसच्या तिकिटावर असं स्थानक चालत नाही. मी गाळे आत मागत होते. दोन्हीकडून उघडणारे गाळे करा, असा तोडगा कुणीतरी सुचवला. तो मला मान्य नव्हता, कारण दुकानदार मागचं शटर पाडून तिथे माल लावतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं होतं. शेवटी जास्त भाड्याचे गाळे रस्त्याला गेले, आणि चहाची टपरी, दुधाचं केंद्र, पंक्चरवाला आणि झेरॉक्सचं दुकान आत, पडवीच्या टोकाला आलं. भाडं कमी, पण अट एकच: शेवटची बस येईपर्यंत उघडं ठेवायचं. पंक्चरवाला सर्वांत उपयोगाचा ठरला. रात्री परत आलेल्या माणसाला चाक बसलेलं सापडलं तर त्याच्यासारखा आधार दुसरा नाही.

ज्यांचा विचार कुठल्याच नकाशात नसतो, असे लोक म्हणजे सोडायला आणि न्यायला येणारे. आपल्याकडे घरात एक स्कूटर असते. वडील मुलीला सोडतात, भाऊ बहिणीला, नवरा बायकोला. त्यांना गाडी लावायचीच नसते. दोन मिनिटं थांबायचं असतं. जागा दिली नाही तर ते फाटकात थांबतात, शेअर रिक्षाही तिथेच, आणि आत येणारी बस रस्त्यावर अडते. संध्याकाळी हे जास्त होतं, कारण सोडणारा लगेच जातो, न्यायला आलेला बसची वाट पाहत उभा राहतो. त्यांच्यासाठी एक वेगळी गल्ली, तिच्या कडेला कट्टा आणि बस किती मिनिटांत येतेय ते दाखवणारा फलक. तो फलक फलाटावर असतोच. तो वाहनतळाच्या तोंडाशी आणि या गल्लीत असावा, यासाठी मी दरवेळी भांडते.

आमच्या हातात काय नाही, तेही मला ठाऊक आहे. बस दर दहा मिनिटांनी नसेल, तर पडवी कितीही चांगली असो, लोक येणार नाहीत. गाडी लावायचे वेगळे पैसे आणि बसचे वेगळे, असं असेल तर रोजचा हिशेब मांडणारी गृहिणी स्कूटरनेच जाईल. शहराच्या मध्यात रस्त्यावर फुकट गाडी लावता येत असेल, तर वेशीवर कोण थांबेल? यातलं काहीच स्थापत्यकार ठरवत नाही. पण बैठकीत हे प्रश्न मांडायची संधी आराखडा घेऊन गेलेल्या माणसाला मिळते, आणि ती मी सोडत नाही.

सध्याच्या कामात नवा पेच आहे. इलेक्ट्रिक बसला चार्जिंगसाठी जास्त वेळ उभं राहावं लागतं, आणि त्यासाठीची जागा वाहतूक विभागाला फलाटाला लागून हवी आहे, म्हणजे दुचाकींच्या पहिल्या दोन रांगांच्या जागी. केबल लहान राहते, खर्च वाचतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. माझं म्हणणं, चार्जर मागच्या भिंतीला न्या. रिकामी बस दोनशे मीटर जाऊ शकते, रात्री साडेदहाला उतरलेल्या बाईला तेवढं चालायला लावू नका. शिवाय आता दुचाकीवालेही विचारतात, दिवसभर गाडी उभीच असते तर तिथेच चार्ज होईल का? संध्याकाळी भरलेली गाडी मिळत असेल तर माणसाला वेशीवर थांबायला आणखी एक कारण मिळतं, म्हणून त्या रांगांना वायर देण्याचा खर्च मी अंदाजपत्रकात धरला आहे. पुढच्या बैठकीला दोन्ही नकाशे जातील. सोबत शेवटच्या बसचं वेळापत्रक आणि फाटक लावायच्या वेळेचा जुना आदेश, एकाच पानावर शेजारी शेजारी छापून.